नऊ जी आणि तीन सेकंदांचा श्वास

चैत्रात रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला तांड्यातांड्यांवरून माणसं येतात, दुकानं लागतात, पाळणे उभे राहतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा मोठ्या यात्रांमध्ये ‘मौत का कुआँ’ कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारा पोरगा हँडल सोडतो आणि वरच्या कठड्यावरून पुढे केलेली दहाची नोट अलगद काढून घेतो. कुव्याचा व्यास नऊ मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरून हिशेब केला, तर त्याच्या अंगावर आपल्या वजनाच्या पावणेतीन पटीच्या आसपास भार येतो. त्याचं डोकं कुव्याच्या मध्याकडे आणि पाय भिंतीकडे असतात, म्हणजे रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं. लढाऊ विमान वळतं तेव्हा वैमानिकाच्या शरीरात नेमकं हेच होतं, फक्त तिथे आकडा पावणेतीनचा नसून नऊचा असतो. कुव्यातल्या पोराला कसलंही खास तंत्र शिकावं लागत नाही. नऊला मात्र तंत्राशिवाय शुद्ध टिकत नाही.

हे तंत्र म्हणजे पाय, मांड्या, नितंब आणि पोट दगडासारखं कडक करायचं, छातीत हवा कोंडून तिच्यावर जोर लावायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा. वैमानिक त्याला नुसतं ‘स्ट्रेन’ म्हणतात. ते ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे, त्याला वीज लागत नाही, आणि इतके पोशाख, झडपा, संगणक आले तरी त्याची जागा कुणी घेतलेली नाही. त्याच्याबद्दल काय पक्कं ठाऊक आहे, कुठे वाद आहेत आणि ते शिकवण्यात आपण कुठे कमी पडतो, ते पाहायला हवं.

आधी शरीराचा हिशेब. १ जी म्हणजे जमिनीवर आपण रोज वागवतो तो भार. ९ जीला ७० किलोचा माणूस ६३० किलोचा होतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचं विमान सातशे मीटर त्रिज्येत वळवलं की एवढा भार येतो. हात वर उचलणं विसराच, म्हणून महत्त्वाची सगळी बटणं विमान वळवणाऱ्या दांड्यावर आणि थ्रॉटलवर बसवलेली असतात. पण खरी अडचण हाताची नाही, रक्ताची आहे. हृदय आणि डोळे यांच्यात साधारण ३० सेंटिमीटरचं अंतर असतं. रक्ताचा तेवढा स्तंभ वर चढवायला दर जीमागे पाऱ्याचे सुमारे २३ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. हृदयापाशी वरचा दाब १२० असला तर जमिनीवर डोळ्यांपर्यंत ९७ पोचतो, ५ जीला जवळपास काहीच नाही. बसल्या जागी, काहीही न करणाऱ्या निरोगी माणसाची मर्यादा साडेचार ते पाच जीच्या आसपास येते, ती याच बेरीज-वजाबाकीमुळे.

डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, पंधरा ते वीस मिलिमीटरचा. त्यामुळे दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा मेंदूच्या साधारण एक जी आधी बंद पडतो. आधी रंग फिके होतात, मग कडांचं दिसेनासं होऊन नळीतून पाहिल्यासारखं होतं, मग काळोख. काळोखातही माणूस शुद्धीवर असतो, ऐकू शकतो, दांडा सैल सोडू शकतो. जुन्या वैमानिकांना ही मोठी सोय होती, शरीरच इशारा द्यायचं. आधुनिक विमानांनी ती हिरावून घेतली. संगणकाच्या हाती नियंत्रण असलेलं विमान १ वरून ९ जीवर दीड-दोन सेकंदांत जातं. मेंदूत ऑक्सिजनची शिल्लक चार-पाच सेकंदांची. रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा पुरती जागी व्हायला दहा-पंधरा सेकंद घेते. अशा वेळी रंग फिके होत नाहीत, काळोख होत नाही, माणूस थेट बेशुद्ध. याला ‘जी-लॉक’ म्हणतात.

जी-लॉकचा अभ्यास अमेरिकी नौदलाच्या वॉर्मिन्स्टर इथल्या सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे माणसाला गरगर फिरवून भार आणणाऱ्या यंत्रावर, जेम्स व्हिनरी यांनी वर्षानुवर्षं केला. पूर्ण बेशुद्धी सरासरी बारा सेकंदांची असते. त्यानंतर तेवढाच वेळ माणूस जागा पण गोंधळलेला असतो. हातपाय झटके देतात, छोटी स्वप्नं पडतात, आणि आपण बेशुद्ध झालो होतो हे अनेकांना आठवतच नाही. ताशी ९०० किलोमीटरने पंचवीस सेकंद म्हणजे सहा किलोमीटरहून जास्त अंतर, तेही विमानाचं नाक कुठल्याही दिशेला असताना. ब्रिटिश हवाई दलातल्या सर्वेक्षणांत उत्तर देणाऱ्या वैमानिकांपैकी सुमारे पाचातल्या एकाने कधी ना कधी जी-लॉक अनुभवल्याचं सांगितलं. न आठवणारे या हिशेबात धरता येत नाहीत, म्हणून हा आकडा मी कमीत कमी असाच वाचतो.

उपाय शोधण्याची धावपळ दुसऱ्या महायुद्धात झाली. टोरोंटोत विल्बर फ्रँक्स यांनी पाण्याने भरलेला पोशाख केला, सिडनीत फ्रँक कॉटन यांनी हवेने फुगणारा. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या सेंट्रिफ्यूजवर अर्ल वूड आणि त्यांचे सहकारी स्वतःच गरगर फिरत होते. त्यांनी घडवलेल्या तंत्राला संस्थेच्या आद्याक्षरावरून ‘एम-१’ म्हणू लागले: घसा अर्धवट मिटून, कण्हत कण्हत हवा बाहेर ढकलायची. सत्तरच्या दशकात ‘एल-१’ आलं. त्यात घसा पूर्ण मिटतात, आवाज होत नाही, घशाला इजा कमी होते आणि रेडिओवर कण्हणं ऐकू जात नाही. आज बहुतेक हवाई दलं हेच शिकवतात. घसा नीट मिटावा म्हणून ‘हिक्’ किंवा ‘हुक्’ असा उच्चार अर्ध्यावर तोडायला सांगतात. करून पाहा, स्वरयंत्रापाशी झडप बसल्याचं लगेच जाणवतं. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर मात्र करू नका.

कोंडलेल्या हवेवर जोर लावला की छातीतला दाब वाढतो, आणि तो थेट हृदयातून निघणाऱ्या रक्ताच्या दाबात मिळतो. ९ जीला मेंदूपर्यंत पुरेसा दाब पोचायचा तर हृदयापाशी तो अडीचशेच्या वर न्यावा लागतो. पण छातीतला हाच दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो. तीन सेकंदांपेक्षा जास्त कोंडलं तर पंपाला भरायला रक्तच उरत नाही. म्हणून श्वास बदलायचा, तोही सेकंदाच्या आत, कारण तेवढ्या वेळात डोक्यातला दाब कोसळलेला असतो. पूर्ण श्वास सोडायचा नाही, वरचा थोडाच बदलायचा. आणि या सगळ्यात पाय क्षणभरही सैल सोडायचे नाहीत. पायांचे आणि पोटाचे स्नायू आवळलेले असले तरच रक्त खाली साठत नाही. सवयीची माणसं छातीचा स्ट्रेन ठीक करतात आणि श्वास बदलताना मांड्या नकळत ढिल्या सोडतात. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, आणि ती बाहेरून ओळखायला सगळ्यांत अवघड असते, कारण कॅमेरा चेहऱ्यावर असतो.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. भार आल्यावर स्ट्रेन सुरू केला तर तोवर रक्त खाली गेलेलं असतं आणि नऊ जीला ते वर खेचणं जवळपास अशक्य. दांडा ओढायच्या आधी शरीर तयार हवं. तिसरी चूक बोलण्याची: भारात असताना रेडिओवर उत्तर द्यायला तोंड उघडलं की कोंडलेली हवा गेली.

जी-सूट साधारण एक ते दीड जीची भर घालतो. पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवरच्या त्याच्या पिशव्या भार वाढला की आपोआप फुगतात. पाच आणि दीड मिळून साडेसहा होतात. नऊपर्यंतचं बाकीचं अंतर वैमानिकाला स्वतः कमवावं लागतं, आणि नीट केलेला स्ट्रेन तीन-चार जी देतो.

आपल्याकडे हे शिकायची वाट पोहरादेवीपासून फार लांब नाही. दक्षिणेला पुसद, उमरखेड, हदगाव, नांदेड, देगलूर असं उतरत गेलं की बिदर लागतं. भालकी-औराद भागात आजही मराठी घराघरांत बोलली जाते. बिदरच्या हवाई तळावर २००८ पासून हॉक जेट विमानांवर भावी लढाऊ वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. हॉक ८ जीपर्यंत जातं, म्हणजे स्ट्रेनची सवय प्रत्यक्ष हवेत लागते ती इथे. हवाई कसरतींच्या सूर्यकिरण पथकाचं घरही हेच. वाटेतल्या हदगाव तालुक्यातलं हस्तरा हे विवेक राम चौधरी यांचं मूळ गाव. मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० उडवून ते २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलप्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीतल्या विमानांकडे नुसतं ओळीने पाहिलं तरी कळतं की एकाच पिढीच्या शरीराकडून मागणी किती वाढली. मिग-२१ही आठ जीच्या पलीकडे जाऊ शकत असे, पण वेग लगेच गमावत असे. सुखोई तो भार धरून ठेवते. क्षणभराचे आठ जी आणि पंधरा-वीस सेकंदांचे आठ जी ही स्नायूंच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत.

महाराष्ट्रात या विषयाचं गाव पुणे. लोहगावला १९९७ मध्ये पहिली सुखोई आली आणि सप्टेंबर २००२ मध्ये तिची एमकेआय आवृत्ती दाखल झाली. धानोरी-विमाननगरच्या रहिवाशांना सुखोई म्हणजे दुपारच्या झोपेचं खोबरं, एवढीच ओळख. ही विमानं नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेल्या तेजस मार्क-१ए ने ओझरवरूनच पहिलं उड्डाण केलं.

लोहगावहूनच ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम सुखोईत बसले आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिभाताई पाटील. दोघांचंही वय त्या दिवशी ७४. प्रतिभाताईंचा जी-सूटमधला फोटो मराठी घरांत बराच गाजला. अशा पाहुण्यांच्या उड्डाणात वळणं बेताचीच ठेवतात, त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षी नऊ जी सोसले असा समज कुणी करून घेऊ नये. पण त्यातून एक मुद्दा निघतो. वय हा इथला मोठा शत्रू नाही. रक्तवाहिन्या थोड्या ताठर झाल्याने मध्यमवयीन वैमानिकांना उलट किंचित फायदाही होतो असं संशोधक म्हणतात. बुटक्या माणसालाही फायदा, कारण हृदय-डोळे अंतर कमी.

शास्त्रीय बाजू सांभाळते ती बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन. १९५७ साली ती लहानशा शाळेच्या रूपात सुरू झाली, साठच्या दशकात तिला पहिलं सेंट्रिफ्यूज मिळालं आणि आता तिथे आधुनिक, वेगाने भार चढवणारं यंत्र आहे. लढाऊ वैमानिक इथे छोट्या अभ्यासक्रमासाठी येतात. आधी भार सावकाश चढवतात, काहीही न करता बसवून मूळ क्षमता मोजतात. समोर दिव्यांची पट्टी असते, कडेचे दिवे दिसेनासे झाले की मर्यादा आली. मग झटक्यात चढणाऱ्या भारात स्ट्रेन करायला लावतात. चेहऱ्याचं चित्रीकरण होतं, ओघळलेले गाल आणि मिटणारे डोळे नंतर सगळ्यांसमोर पाहिले जातात. बाहेर आल्यावर हातांवर बारीक लाल ठिपके उठलेले असतात. केशवाहिन्या फुटल्याने येणाऱ्या त्या पुरळाला वैमानिक ‘जी-मीझल्स’ म्हणतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात. सेंट्रिफ्यूज त्यांना आवडत नाही. यंत्र थांबताना कोलांट्या खाल्ल्यासारखं होतं, जे विमानात होत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये वैमानिकाला एकच काम असतं: स्ट्रेन. त्याला भार कधी येणार हे ठाऊक असतं, शत्रू नसतो, इंधन मोजायचं नसतं, मान वळवायची नसते. हवेत तो हे सगळं करत असताना स्ट्रेन आपोआप व्हायला हवा. सेंट्रिफ्यूजवर नऊ जी पार केलेला माणूस हवेत सहाला शुद्ध गमावतो, ती बळ कमी पडल्यामुळे क्वचितच. लक्ष दुसरीकडे असल्यामुळे गमावतो.

गाजलेले अपघात पाहा. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकी हवाई कसरतींच्या थंडरबर्ड्स पथकाचे मेजर स्टीफन डेल बान्यो नेव्हाडात सरावात गेले. चौकशीत दिसलं की ते बराच वेळ उलट्या विमानात होते, शरीरावर उणे दोन जीपर्यंत भार होता, आणि लगेच साडेआठ जीचं वळण आलं. उणे भारात रक्त डोक्याकडे धावतं, शरीर रक्तवाहिन्या सैल करून आणि हृदयाचे ठोके मंदावून दाब उतरवतं. त्याच क्षणी उलट दिशेने भार आला तर सहनशक्ती नेहमीपेक्षा बरीच खाली असते. ऑगस्ट २०११ मध्ये बोर्नमथला ब्रिटिश कसरत पथक रेड अ‍ॅरोजचे जॉन एगिंग गेले, तिथेही जी-लॉकचीच शक्यता चौकशीत पुढे आली. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकी नौदलाचं कसरत पथक ब्लू एंजल्सचे केव्हिन डेव्हिस गेले. ते पथक जी-सूटच घालत नाही, कारण फुगणारा पोशाख मांडीवर टेकवलेल्या हाताला धक्का देतो आणि ओळीतली शिस्त बिघडते. हे तिघेही नवशिके नव्हते. रोज तीच वळणं घेणारे, निवडून काढलेले वैमानिक होते. सवयीच्या वळणावर स्ट्रेन थोडा उशिरा सुरू झाला, इतकंच पुरतं.

कौशल्य गंजतंही. रजेवरून, आजारपणातून किंवा कार्यालयातल्या नेमणुकीवरून परतलेल्या वैमानिकाची क्षमता उतरलेली असते. निर्जलीकरण, उपाशी पोट, अपुरी झोप, उन्हात तासभर कॉकपिटमध्ये ताटकळणं, या प्रत्येकाने अर्धा-एक जी सहज जातो. वैशाखात विदर्भाच्या उन्हात उभा राहिलेला माणूस हे वेगळं समजावून न देताही जाणतो. अनुभवी प्रशिक्षक उड्डाणाच्या सुरुवातीला चार-पाच जीचं एक वळण घेऊन शरीर जागं करायला लावतात. स्ट्रेन रोज तपासला जायला हवा, उड्डाणानंतर कॉकपिटमधल्या श्वासाचं ध्वनिमुद्रण ऐकून. तीन सेकंदांची लय तुटली की कानाला लगेच कळतं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, प्रशिक्षकाची पंधरा मिनिटं लागतात.

व्यायामाचा वाद जुना आहे. ८० च्या दशकात अमेरिका आणि स्वीडनमधल्या प्रयोगांत वजनं उचलण्याच्या व्यायामाने चढ-उताराच्या भारात टिकून राहण्याची वेळ चांगलीच वाढली. लांब पल्ल्याच्या धावण्याबद्दल मात्र शंका घेतली गेली. धावपटूंचे विश्रांतीतले ठोके मंद असतात आणि ते भारात झटकन गळून जातात, असं म्हणत काही काळ वैमानिकांना फार पळू नका असं सांगितलं जाई. पुढे ही भीती बरीच ओसरली, माफक धावणं चालतं यावर आज सहमती आहे. आपल्या तालमीतल्या बैठका मांड्या आणि नितंब नेमके तयार करतात, तेव्हा महागड्या यंत्रांवाचून अडत नाही. योगातल्या कुंभकाशी स्ट्रेनची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. मला ती पटत नाही. कुंभकात शरीर शांत करायचं असतं, इथे रक्तदाब दुप्पट करायचा असतो.

स्त्रियांबद्दलचा प्रश्न तर विज्ञानाने केव्हाच निकाली काढला होता. ८० च्या दशकातल्या अमेरिकी सेंट्रिफ्यूज अभ्यासांत स्त्री-पुरुषांच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. अडचण पोशाखाची होती, पुरुषांच्या मापाचा जी-सूट सैल बसला की तो काम करत नाही. १८ जून २०१६ रोजी आपल्या पहिल्या लढाऊ वैमानिक स्त्रिया अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह यांना हवाई दलात कमिशन मिळालं, आणि पुढचं हॉकचं प्रशिक्षण त्यांनी बिदरलाच घेतलं.

यंत्रांनी हे ओझं उतरवायचे प्रयत्न चालूच आहेत. मुखवट्यातून दाबाने हवा देणारी यंत्रणा छातीचा अर्धा भार उचलते, थकवा कमी होतो. अमेरिकेने २०१४ पासून एफ-१६ मध्ये बसवलेली ‘ऑटो जीकॅस’ यंत्रणा तर बेशुद्ध वैमानिकाचं विमान जमिनीवर आपटण्याआधी स्वतः सरळ करते. २०१६ मध्ये तिचं एक चित्रीकरण खुलं झालं. त्यात शिकाऊ वैमानिक आठ जीला बेशुद्ध पडतो, प्रशिक्षक रेडिओवर ओरडत राहतो आणि विमान आपणहून नाक वर काढतं. कल्पना नवी नाही. तीसच्या दशकातल्या जर्मन स्टुका बॉम्बरमध्ये खाली सूर मारलेल्या विमानाला आपोआप वर काढणारी सोय याच कारणासाठी होती. अशी यंत्रणा प्रत्येक लढाऊ विमानात असावी यात मला शंका नाही, पण ती जीव वाचवते, लढाई नाही. झुंजीत पंचवीस सेकंद गैरहजर असलेल्याची वाट प्रतिस्पर्धी पाहत नाही.

अंतराळवीरांचं गणित निराळं. गगनयानाचे चारही उमेदवार हवाई दलातले आहेत, पण यानात माणूस पाठीवर पडलेला असतो आणि भार छातीकडून पाठीकडे येतो. तिथे डोक्यातलं रक्त टिकतं, श्वास घेणं जड जातं, आणि सवयीने पायांचा स्ट्रेन करत राहिलं तर नुसती शक्ती वाया जाते.

ऐंशी वर्षांच्या या अभ्यासात सगळ्यांत कमी लक्ष गेलं ते मानेकडे. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरलं तर ९ जीला मानेवर जवळपास साठ किलो येतात. आता हेल्मेटवरच निशाणा आणि पडदा बसवलेला असतो, वजन पुढच्या बाजूला जास्त. झुंजीत मागे पाहिल्याशिवाय भागत नाही, म्हणजे मान पूर्ण वळलेली असतानाच भार येतो. डोकं आधी वळवून आसनाच्या पाठीला टेकवायचं आणि मगच दांडा ओढायचा, असं जुने वैमानिक नव्यांना सांगतात. हे सांगणं बहुतेक तोंडीच चालतं. मानदुखी ही लढाऊ वैमानिकांची अगदी सर्रास तक्रार आहे, आणि ती डॉक्टरांकडे सहसा पोचत नाही, कारण वैद्यकीय श्रेणी घसरली की उड्डाण थांबतं. पायांच्या स्नायूंसाठी जितका काटेकोर कार्यक्रम आखला जातो तितका मानेसाठी हॉकच्या पहिल्या महिन्यापासून आखता येईल. त्याला लागणारी साधनं म्हणजे एक रबरी पट्टा आणि रोजची दहा मिनिटं.